हलत राहण्याची अट: लंडनच्या पाण्यावर पूर्णवेळ राहिलेल्या एका दांपत्याचे प्रकरण

या प्रकरणातील दांपत्य मूळचे सांगली जिल्ह्यातले आहे. दोघेही पस्तिशीच्या आसपासचे असून दोघांनाही ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याची परवानगी मिळालेली आहे. पत्नी पूर्व लंडनमधील एका रुग्णालयात परिचारिका आहे, तर पती सॉफ्टवेअर चाचणीचे काम करतो आणि करोनापासून त्याचे बहुतेक काम घरूनच चालते. २०२१ च्या अखेरीस एका शयनकक्षाच्या सदनिकेसाठी ते महिन्याला १४५० पौंड भाडे देत होते. वीज, पाणी आणि नगरपालिकेचा कर त्यावर वेगळा होता. घर विकत घेण्याइतकी बचत दहा वर्षांतही होणार नाही, असा हिशेब मांडून झाल्यावर २०२२ च्या वसंतात त्यांनी ५७ फूट लांबीची एक जुनी नॅरोबोट, म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांवरची अरुंद पोलादी बोट, ६२ हजार पौंडांना विकत घेतली आणि सदनिका सोडून ते तिच्यावर कायमचे राहायला गेले. त्यांची नावे येथे दिलेली नाहीत, मात्र त्यांच्या खर्चाची वही मी पाहिलेली आहे आणि या लेखनाला त्या दोघांची संमती आहे.

त्यांनी बोटीची पाहणी नीट केली होती. तज्ज्ञाकडून बोट पाण्याबाहेर काढून तळाच्या पोलादाची जाडी मोजून घेतली होती, इंजिन तपासले होते आणि विम्याचे तीन दर मागवले होते. ही बोट काठाला बांधून ठेवायची कोठे, याचे उत्तर मात्र त्यांनी खरेदीनंतरवर ढकलले. पुढे जे काही घडले त्यातील बरेचसे या एका क्रमातून घडले, असे माझे मत आहे.

नॅरोबोट म्हटल्यावर श्रीनगरची हाउसबोट किंवा केरळचे केट्टुवल्लम डोळ्यांपुढे आणणाऱ्याने ते चित्र आधीच पुसावे. अठराव्या शतकात मध्य इंग्लंडचे कालवे खोदले गेले तेव्हा त्यांवरील लॉक, म्हणजे बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणारे दरवाजांचे हौद, साधारण सात फूट रुंदीचे ठेवले गेले, आणि त्या मापाने बोटींची रुंदी आजही सहा फूट दहा इंचांवर अडून आहे. उष्णतारोधक थर आणि लाकडी अस्तर वजा केल्यावर आत जेमतेम सहा फूट उरतात. आपल्याकडच्या रेल्वेच्या डब्यापेक्षाही हे घर बरेच अरुंद आहे. लांबी ५७ फूट का, तर एवढी बोट देशातील जवळपास सर्व लॉकमधून जाऊ शकते. लंडनमधील लॉक याच्या दुप्पट रुंद असल्याने तेथे याहून ऐसपैस बोटीही चालतात, परंतु उद्या उत्तरेकडे जावेसे वाटले तर वाट मोकळी असावी, असा या दोघांचा विचार होता.

आता कायद्याकडे वळू. इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे २००० मैलांचे कालवे आणि नद्या २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. बोटीला परवाना हवा असेल तर तीन गोष्टी लागतात. विमा हवा, दर चार वर्षांनी मिळवायचे सुरक्षा प्रमाणपत्र हवे, आणि बोट बांधण्याची हक्काची जागा, जिला तेथे मूरिंग म्हणतात, ती तरी हवी किंवा तिच्याऐवजी हलत राहण्याची तयारी हवी. हा दुसरा पर्याय १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. ज्या बोटीला मूरिंग नाही तिने परवान्याच्या संपूर्ण काळात प्रामाणिकपणे जलप्रवास करत राहिले पाहिजे, आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा, किंवा परिस्थितीनुसार रास्त ठरेल अशा जादा मुदतीपेक्षा, अधिक थांबता कामा नये. लंडनमध्ये राहता येईल असे अधिकृत मूरिंग फार थोडे आहे आणि महागही आहे, त्यामुळे तेथील असंख्य रहिवासी हाच मार्ग धरतात आणि या दांपत्यानेही तोच धरला. बोटीचे स्वातंत्र्य म्हणून ज्याचे कौतुक होते, ते कायद्याच्या भाषेत एक कर्तव्य आहे. ते पाळले नाही तर परवाना जातो, आणि परवाना गेला की राहते घरच पाण्यावरून हटवण्याची कारवाई सुरू होऊ शकते.

पत्नीच्या नोकरीमुळे त्यांनी ली नदीचा जलमार्ग निवडला आणि ही निवड शहाणपणाची होती. लाइमहाउस आणि बो येथून निघून हा मार्ग टॉटनहॅम, एन्फील्ड, वॉल्थम क्रॉस, ब्रॉक्सबर्न, वेअर करत हर्टफर्डपर्यंत जातो आणि लिव्हरपूल स्ट्रीटकडून येणारा लोहमार्ग बराच काळ त्याच्या सोबतीने धावतो. मध्ये स्टोर्ट नदी येऊन मिळते. तिच्या काठानेही रॉयडन, हार्लो आणि बिशप्स स्टॉर्टफर्ड ही स्थानके आहेत. म्हणजे बोट कोठेही असली तरी चालण्याच्या अंतरावर गाडी मिळते. पहिल्या उन्हाळ्यात ही व्यवस्था छान चालली. दर दुसऱ्या शनिवारी ते खुंट्या उपटत, ताशी चार मैलांच्या मर्यादेत चार-पाच तास जात, वाटेत पाण्याची टाकी भरत आणि नवा काठ शोधत.

अडचण पाळ्यांची होती. रुग्णालयाचे वेळापत्रक महिनाभर आधी येते, पण त्यात शनिवार-रविवार मोकळे असतीलच असे नाही, आणि लॉकमधून एकट्याने बोट नेणे शक्य असले तरी त्यात धोका असतो. पाणी उतरत असताना बोटीचा मागचा भाग दरवाजाजवळच्या दगडी उंबऱ्यावर अडकला तर पुढचा भाग खाली जातो आणि बोट मिनिटांत बुडते. सुकाणूवर एक आणि काठावर विंडलास घेऊन झडपा फिरवायला एक, अशी दोन माणसे असली तर काळजी कमी होते. त्यामुळे पत्नीला ज्या दिवशी विश्रांती हवी असे नेमका तोच दिवस बोट हलवण्यात जाई. हळूहळू त्यांचा पल्ला टॉटनहॅम ते ब्रॉक्सबर्न या सुमारे वीस किलोमीटरांत आकसला. चौदा दिवसांचा नियम ते काटेकोरपणे पाळत होते, पण पुढेमागे होत पुन्हा त्याच पट्ट्यात येत होते. वर्षभरात साधारण वीस मैलांचा, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरांचा, पल्लाही झाला नाही तर कायद्याची अट पुरी झाली असे मानणे कठीण, अशी ट्रस्टची भूमिका आहे. २०११ मध्ये ब्रिस्टलच्या न्यायालयानेही बाथच्या परिसरात थोड्याच मैलांत फेऱ्या मारणाऱ्या एका बोटधारकाच्या विरोधात निकाल दिला होता. या दोघांना पहिल्या हिवाळ्यानंतर पल्ला अपुरा असल्याचे पत्र आले. त्यात धमकावणी नव्हती आणि त्यातला निष्कर्षही चुकीचा नव्हता, परंतु आपले घर कोणीतरी वहीत टिपत आहे ही जाणीव त्यांच्या मनातून पुढे कधी गेली नाही.

हिवाळ्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बोटीवर राहण्याचे समर्थन करणारे बहुतेक लेखन मे ते सप्टेंबर या काळातील असते.

प्रथम वीज. त्यांच्याकडे ११० अँपिअर-तासांच्या चार शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या. अशा बॅटऱ्या निम्म्याहून जास्त उतरवल्या तर लवकर मरतात, म्हणून कागदावरच्या सव्वापाच युनिटांपैकी वापरण्याजोगी वीज सुमारे अडीच युनिट. छतावरचे ४०० वॅटचे सौर पॅनेल जूनमध्ये ही भरपाई दुपारपर्यंत करून टाकी, पण डिसेंबरच्या ढगाळ दिवसात त्यातून फ्रीजपुरतीही वीज मिळत नसे. पतीचा लॅपटॉप आणि जोडीचा पडदा दिवसाला अर्धे युनिट घेई. मग इंजिन सुरू करावे लागे. काठाला बांधलेल्या बोटीचे इंजिन रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत चालवू नये, अशी अट आहे. त्यामुळे तो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तासभर इंजिन लावी आणि यंत्रावरचा आकडा समाधानकारक दिसला की बंद करी. शिसे-आम्लाच्या बॅटरीत शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात आणि तो वारंवार अपुरा राहिला तर आतील पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. फेब्रुवारीपर्यंत चारही बॅटऱ्या निकामी झाल्या. त्यांनी लिथियमच्या बॅटऱ्या घेतल्या. त्या इतक्या वेगाने वीज ओढतात की इंजिनावरचा वीज तयार करणारा अल्टरनेटर तापून जळू शकतो, म्हणून मध्ये वेगळा चार्जर बसवावा लागला. या एका बाबीवर दोन हजारांहून अधिक पौंड गेले.

उब ही त्या मानाने सोपी गोष्ट ठरली. मधल्या खोलीतली छोटी ओतीव लोखंडी शेगडी धूररहित कोळशावर रात्रभर धुमसत राहते आणि सहा फुटी रुंदीला ती पुरून उरते. उलट ओलाव्याने त्यांना जेरीस आणले. वरणभाताचा कुकर, चहाचे आधण, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि दोन माणसांचा श्वास यांची वाफ थंड पोलादाकडे आणि खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटींकडे धाव घेते. जानेवारीत गादी उचलली तर खालची फळी काळ्या बुरशीने भरलेली होती. थंडी वाजते म्हणून त्यांनी काही दिवस हवेची भोके चिंध्यांनी बुजवली होती. हे मला या सबंध प्रकरणातील सर्वांत गंभीर वर्तन वाटते. कोळशाची शेगडी आणि गॅसची चूल एकाच बंद खोलीत असताना कार्बन मोनॉक्साइडने झोपेत जीव जाऊ शकतो. २०१९ पासून सुरक्षा प्रमाणपत्रासाठी त्याचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे आहे आणि यांच्याकडेही ते होते. एका रात्री ते वाजले तेव्हा चिंध्या निघाल्या.

शौचालयाचा विषय संकोचाने टाळला जातो, पण आपल्याकडच्या माणसाने तो सर्वांत आधी विचारात घ्यावा. या बोटीत सुमारे वीस लिटरची डबी असलेले, कॅसेट म्हणून ओळखले जाणारे शौचालय होते. ती डबी भरली की बाहेर काढून काठावरील नेमून दिलेल्या जागी, म्हणजे एल्सनवर, रिकामी करायची असते. शौचालयातील मैला कालव्यात सोडण्यास बंदी आहे. स्वयंपाकघर व न्हाणीचे पाणी मात्र थेट बाहेर जाते, म्हणून साबण जपून निवडावा लागतो. कागद वापरणाऱ्या शेजाऱ्यांची डबी जेवढी टिके त्याच्या निम्म्या वेळात, पाणी वापरणाऱ्या या दोघांची डबी भरे. घन आणि द्रव वेगळे ठेवणारी कोरडी शौचालये बोटींवर लोकप्रिय आहेत. पण घन भाग कोरडा राहिला तरच ती चालतात, म्हणून तोही मार्ग बंद होता. त्यांनी जादा दोन डब्या आणि एक हातगाडी घेतली. पती दर आठवड्याला ती गाडी काठाच्या पायवाटेवरून ओढत नेई.

डिसेंबर २०२२ च्या मध्यात लंडनमध्ये बर्फ पडला, कडाक्याची थंडी आली आणि पाण्याचा पृष्ठभाग गोठला. बोट तेव्हा ब्रॉक्सबर्नच्या जवळ होती. बर्फात बोट चालवली तर तळाचा डांबरी लेप खरवडला जातो आणि शेजारच्या बोटींनाही इजा होते, म्हणून कोणी हलत नाही आणि अशा वेळी जादा मुक्काम रास्तच मानला जातो. पण टाकीतले पाणी संपत आले होते, भरण्याच्या जागेचा नळ गोठलेला होता आणि त्याच महिन्यात रेल्वे कर्मचाऱ्यांचे संप चालू होते. पत्नीने संपाचे दिवस रुग्णालयाजवळ एका सहकारिणीकडे मुक्काम करून काढले. पतीने वीस-वीस लिटरचे कॅन भरून आणले. घराघरांत माणशी रोज १४० लिटर पाणी वापरणाऱ्या देशात त्यांनी तो आठवडा माणशी दहा लिटरांत काढला. ‘मिरजेच्या उन्हाळ्याची सवय कामाला आली,’ असे तो आता हसत सांगतो.

एवढे वाचून त्यांनी घोडचूक केली असा ग्रह झाला असेल तर तो बरोबर नाही. पैशाच्या बाजूने पाहिले तर पहिल्या संपूर्ण वर्षात परवाना, विमा, कोळसा, गॅस, डिझेल, तळाचा लेप आणि नव्या बॅटऱ्या धरून खर्च सुमारे नऊ हजार पौंड झाला, आणि बॅटऱ्यांचा खर्च नसलेल्या दुसऱ्या वर्षी तो सहा हजारांच्या आसपास होता. सदनिकेत भाडे, कर आणि बिले मिळून वीस हजार जात होते. बोटीसाठी नातेवाइकांकडून घेतलेले कर्ज त्यांनी दोन वर्षांत फेडले. मात्र बोट हे घरासारखे वाढणारे भांडवल नाही. करोनाकाळात जुन्या बोटींना आलेली मागणी ओसरल्यावर त्यांच्या बोटीची किंमत खरेदीच्या खाली गेली, आणि नेहमीच्या गृहकर्जाला येथे वाव नसल्याने पुढे गिऱ्हाईक मिळणेही अवघड असते. शिवाय हलवणे, भरणे, रिकामे करणे, फोडणे, खरवडणे या कामांचे तास वहीत कोठेच लिहिलेले नाहीत. माझ्या अंदाजाने त्यांनी भाड्याचा बराचसा भाग श्रमाने चुकता केला.

ज्याची किंमत करता येत नाही असेही पुष्कळ मिळाले. सदनिकेच्या सहा वर्षांत शेजाऱ्याचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. येथे पहिल्याच महिन्यात बोटीला पुढे ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यात कापड अडकून बोट मध्येच थांबली, तेव्हा अनोळखी बाईने आपली बोट शेजारी आणून बांधली आणि पंख्यावरचे झाकण कसे उघडायचे ते दाखवले. खांद्यापर्यंत हात गार पाण्यात घालून, सुरीने एकेक पीळ कापत, त्याने अर्ध्या तासात एक आख्खी पडद्याची चादर बाहेर काढली. स्टोर्टच्या काठी जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. पाळी संपवून आलेली पत्नी छताच्या कडेला बसून जेवत असे. हा काळ आयुष्यातील सर्वांत निवांत होता, असे ती आजही म्हणते. डिसेंबरच्या आठवणी काढूनही ती ते विधान मागे घेत नाही.

पत्त्याचा प्रश्न त्यांनी एका मित्राच्या घराचा टपालासाठी उपयोग करून निभावला. डॉक्टरकडे नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही आणि मतदार म्हणूनही स्थानिक संबंध जाहीर करून नाव घालता येते, पण बँक आणि वाहनविमा यांच्या अर्जांत बदलत्या काठाला रकाना नसतो.

निर्णयाला तोंड फुटले ते २०२३ च्या ऑगस्टमध्ये, पतीची आई दीड महिन्यासाठी आली तेव्हा. सत्तरीच्या जवळ पोहोचलेल्या बाईला काठावरून बोटीच्या वीतभर कडेवर पाऊल टाकून, वळून, तीन उभ्या पायऱ्या उतरायच्या होत्या, आणि काठ प्रत्येक ठिकाणी वेगळ्या उंचीचा होता. त्यांनी बोट सगळी फिरून पाहिली, शेगडीचे आणि पितळी दिव्याचे कौतुक केले आणि सुनेला म्हणाल्या, “घर छान आहे गं, पण बाहेर कसं पडायचं तेवढं सांग.” तिसऱ्या दिवशी त्या एका भाचीच्या घरी राहायला गेल्या. त्याच सुमारास मूल होऊ देण्याचा विचार घरात चालू होता. बाळंतपणाच्या काळात बोट हलवण्याला सवलत मागता येते, पण ती मागावी लागते आणि तिला मुदत असते. भरीला, मूरिंग नसलेल्या बोटींच्या परवान्यावर एप्रिल २०२४ पासून अधिभार लागू होणार असल्याचे जाहीर झाले. तो ५ टक्क्यांपासून सुरू होऊन २०२८ पर्यंत २५ टक्क्यांवर जायचा आहे. रकमेने तो त्यांना झेपण्याजोगा होता. पण हलत राहण्याच्या जीवनपद्धतीवर वेगळा आकार बसू लागला, तर तो तेथेच थांबणार नाही, असे पतीचे मत झाले.

बोट विकणे, ती ठेवून छोटी सदनिका भाड्याने घेणे, किंवा मूरिंग शोधणे, असे तीन मार्ग त्यांच्यापुढे होते. मरीनांमधील, म्हणजे बोटी बांधून ठेवण्याच्या बंदिस्त तळांमधील, बहुसंख्य जागा केवळ सुट्टीत बोट वापरणाऱ्यांसाठी असतात, आणि कायम राहण्यासाठी नियोजन खात्याची परवानगी असलेल्या जागांना प्रतीक्षायादी असते. काही जण सुट्टीच्या जागेवर गुपचूप राहतात. या दोघांनी ते नाकारले आणि ते योग्यच केले, कारण घराच्या भाडेकरूला मिळणारे कायदेशीर संरक्षण बोटीवर राहणाऱ्याला मुळातच तुटपुंजे आहे आणि लपून राहणाऱ्याला तक्रार करण्याचीही सोय नसते. ली खोऱ्यातील एका मरीनात २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांना अधिकृत जागा मिळाली. तिचे वर्षाचे शुल्क साडेनऊ हजार पौंड आहे आणि त्यावर सर्वांत खालच्या श्रेणीतला नगरपालिका कर पडतो. परवाना, विमा आणि देखभाल धरून एकूण खर्च आता सोळा हजारांच्या घरात जातो. सदनिकेशी असलेला फरक चार हजारांवर आला आहे.

२०२२ च्या वसंतात हा आकडा त्यांच्यापुढे असता तर त्यांनी बोट घेतली असती का, हा प्रश्न मी दोघांना वेगवेगळा विचारला. पत्नीचे उत्तर होकारार्थी होते. तिला काठावरून मिळणारी वीज, पाण्याचा नळ आणि स्थानकापर्यंत उजेडाचा रस्ता मिळाला असून बोटीचे जे तिला आवडत होते ते सर्व शिल्लक आहे. पतीने नकार दिला. त्याच्या मते ज्या हिशेबावर ही खरेदी उभी होती तो हलत राहण्याच्या स्वस्ताईचा होता, आणि एका जागी बांधलेल्या बोटीसाठी एवढे पैसे मोजायचे तर भिंती तरी सरळ असाव्यात. कोणालाही हा विचार करायचा असेल तर माझा सल्ला असा की बोटींच्या जाहिराती पाहण्याआधी आपल्या कामाच्या ठिकाणापासून तासाभराच्या अंतरावरील अधिकृत मूरिंगचे दर आणि प्रतीक्षायाद्या मागवाव्यात. ज्याचे काम पूर्णपणे घरून चालते, अंगात कष्ट करण्याची ताकद आहे आणि ज्याच्यावर लहान मूल किंवा म्हातारे माणूस अवलंबून नाही, त्याला हलत राहणेही परवडते.

सध्या बोट मरीनातच आहे. त्यांचे मूल आता आठ महिन्यांचे असून पाळणा ठेवायला पतीने आपले कामाचे टेबल काढून टाकले आहे. तो रोज सकाळी मरीनाच्या सामाईक खोलीत बसून काम करतो. जागेचा करार वर्षावर्षाने वाढतो आणि पुढच्या नूतनीकरणापूर्वी बोट विक्रीला काढायची की नाही, यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही.